या आठवड्यात पाहिलेले सिनेमे, आणि कॅमेरा कुठे बसलाय हा प्रश्न

सांजवेळ

मंडळी, मागच्या आठवड्यात रोज रात्री जेवणं उरकली की एक सिनेमा, असा नेम ठेवला. यादी ठरवून केलेली नव्हती. बाबांचा हट्ट म्हणून प्रभातचा 'संत तुकाराम' (१९३६), मग 'टोकियो स्टोरी' (१९५३), 'ट्वेल्व्ह अँग्री मेन' (१९५७), मध्ये सगळ्यांना हसायचं होतं म्हणून 'अशी ही बनवाबनवी' (१९८८), मग चैतन्य ताम्हाणेंचा 'कोर्ट' आणि शेवटी पायल कपाडियांचा 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट'.

हे सगळे एकामागोमाग पाहिल्यामुळे एक गोष्ट डोक्यातून जाईना. प्रत्येक दिग्दर्शकाने आपल्याला, म्हणजे बघणाऱ्याला, एका ठरावीक जागी बसवलेलं असतं. आणि तो आपल्याला कुठे बसवतो यावरून पडद्यावरच्या माणसांबद्दल त्याला काय वाटतं ते कळतं.

'टोकियो स्टोरी'त ओझूंचा कॅमेरा जमिनीलगत असतो आणि जवळजवळ हलतच नाही. ओनोमिचीहून म्हातारे आईवडील मुलांकडे टोकियोला येतात. मुलगा डॉक्टर, मुलीचं ब्यूटी पार्लर, दोघांनाही वेळ नाही. मग खर्च वाटून घेऊन म्हाताऱ्यांना अतामीच्या समुद्रकाठच्या हॉटेलात पाठवून देतात. तिथे रात्रभर शेजारच्या खोल्यांमधून गाणी आणि पत्त्यांसारख्या खेळाचा गोंगाट. सकाळी दोघं समुद्राच्या बांधावर बसलेली असतात, निघायचं म्हणून आजी उठते आणि तिला क्षणभर भोवळ येते. कॅमेरा पुढे धावत नाही, चेहरा मोठा करून दाखवत नाही, संगीताने घाबरवत नाही. ती सावरते, दोघं चालू लागतात. मी मात्र तिथेच अडकले.

'कोर्ट'मध्ये आपण मागच्या बाकावर बसलेलो असतो. मॅनहोलमध्ये मेलेल्या कामगाराची बायको साक्ष देते. नवरा आत उतरण्याआधी खडा टाकायचा, झुरळं बाहेर येतायत का बघायचा; आली तर आत विषारी वायू नाही. हे ती अगदी सपाट आवाजात सांगते आणि कॅमेरा जागचा हलत नाही. जवळ गेला असता तर मी रडले असते. तो लांब राहिला म्हणून मला राग आला, आणि मला वाटतं दिग्दर्शकाला तो रागच हवा होता.

तर प्रश्न असा: सिनेमा बघताना तुम्हाला कॅमेऱ्याची जागा जाणवते का? आणि जाणवावी का?

वऱ्हाडी_मानूस

ताई, लिवलं झकास. पण मी त म्हणतो, कॅमेरा दिसला की पिच्चर फसला. आपन तिथं मानसं पाहाले जातो. कॅमेरा कुठी ठेवला हे इचारत बसलो त मंग गोष्ट कोन पाहील?

मिरचीभजी

ओझूंचा कॅमेरा जमिनीवर. आमच्या हॉलमधला टीव्ही नवऱ्याने छताला टेकवून लावलाय. म्हणजे जपानी सिनेमा बघायचा तर शिडी घेऊन बसावं लागेल. :D

तळटीप

धागा आवडला. थोडी भर घालतो.

ओझूंचा कॅमेरा 'चटईवर बसलेल्या माणसाच्या नजरेतून' बघतो असं सगळीकडे लिहिलेलं असतं. पण नीट पाहा, तो बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्याही खाली आहे. म्हणजे ती घरातल्या कुणाचीच नजर नव्हे. पाहुणा म्हणून शेजारी बसलोय असं आपल्याला वाटतं, पण प्रत्यक्षात आपण थोडे खालून, मान किंचित वर करून त्या माणसांकडे पाहत असतो. कुणीही माणूस तसा पाहिला की आपोआप आदराने पाहिला जातो. ब्यूटी पार्लरवाली मुलगी गिऱ्हाइकासमोर स्वतःच्या आईवडिलांना 'गावाकडचे ओळखीचे' म्हणून टाकते, आणि आईच्या मृत्यूनंतर जेवणाच्या पंक्तीतच आठवण म्हणून तिचे कपडे मागते. तीसुद्धा त्याच उंचीवरून दिसते. तिच्यासाठी कॅमेरा वर चढून तिला छोटी करत नाही. म्हणून ती खलनायिका होत नाही, आपल्या ओळखीतली कुणीतरी वाटते.

आजोबा झालेले चिशू र्यू यांनी त्या वेळी पन्नाशीही गाठली नव्हती. तरीही एका क्षणासाठी खोटे वाटत नाहीत.

एका खोलीत बसून खटल्याचा निकाल ठरवणाऱ्या बारा ज्यूरींच्या 'ट्वेल्व्ह अँग्री मेन'बद्दल तर खुद्द सिडने ल्युमेट यांनी लिहून ठेवलंय. सिनेमाचा पहिला एक तृतीयांश हिस्सा डोळ्यांच्या पातळीच्या वरून, मधला डोळ्यांच्या पातळीवरून आणि शेवटचा खालून घेतला आहे. शेवटाकडे छत दिसू लागतं ते त्यामुळेच. शिवाय लेन्सही हळूहळू जास्त लांब पल्ल्याच्या वापरल्या, त्यामुळे भिंती माणसांच्या अंगावर आल्यासारख्या वाटतात. आणि बाहेर पडल्यावरच्या अखेरच्या दृश्यात एकदम वाइड लेन्स, की प्रेक्षकाने श्वास घ्यावा. हा त्यांचा पहिलाच चित्रपट होता.

@वऱ्हाडी_मानूस, यातलं काहीच पहिल्यांदा बघताना दिसत नाही. फक्त गुदमरायला होतं. म्हणजे तुमचं म्हणणं आणि ताईंचं म्हणणं दोन्ही एकाच सिनेमात बसतंय.

घाटमाथा

@मिरचीभजी :))

आमच्याकडे साताऱ्याच्या बाजूला जत्रेत तंबूत सिनेमा यायचा. ट्रकमधून सगळा पसारा उतरायचा, दुपारभर भोंग्यावर पुकारा. आत खुर्च्या नाहीत, जमिनीवरच बसायचं, बायका एका बाजूला, बाप्ये दुसऱ्या. पडद्याच्या मागच्या बाजूलासुद्धा लोक बसायचे. तिकडून सगळं उलटं दिसायचं, पाट्यांवरची अक्षरंसुद्धा, पण कुणाची काही तक्रार नसायची. मान वर करून मोठी झालेली माणसं बघायची सवय लागली ती लागलीच. मोबाइलवर सिनेमा बघताना मला माणसं हातात धरल्यासारखी वाटतात, तिथेच मन उडतं.

या फिरत्या टॉकीजवर 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' (२०१६) नावाचा सुंदर माहितीपट आहे. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांचा. जुनं प्रोजेक्टर दुरुस्त करणारे एक आजोबा त्यात आहेत, त्यांच्यासाठी तरी बघाच.

ॲड_मंजिरी

'कोर्ट'वर बोलल्याशिवाय राहवत नाही. पेशाने वकील आहे, सत्र न्यायालयात रोजचं जाणं-येणं.

सांजवेळ, मागच्या बाकाचं निरीक्षण अगदी बरोबर. पण आमच्यासारख्यांना तो सिनेमा बघताना आणखी एक गोष्ट लागते. साक्षीदार मराठीत किंवा हिंदीत बोलतो आणि न्यायाधीश त्याचं इंग्रजीत करून टंकलेखकाला सांगतात. माणूस पाच वाक्यं बोललेला असतो, कागदावर दीड उमटतं. सिनेमात हे कुणी मुद्दाम बोट दाखवून सांगत नाही. कॅमेरा इतका मागे आहे की साक्षीदार, न्यायाधीश, टंकलेखक, पट्टेवाला सगळे एकाच चौकटीत राहतात आणि ते बोलणं एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जाताना कसं आटत जातं हे तुम्हाला डोळ्यांनी दिसतं. क्लोजअप घेतला असता तर हे निसटलं असतं.

सरकारी वकील झालेल्या गीतांजली कुलकर्णी तर थेट आमच्या बार रूममधून उचलल्यासारख्या आहेत. कलमं वाचायची ती एकसुरी पद्धत, मग लोकल, घरी गेल्यावर स्वयंपाक. त्यांना वाईट दाखवायची कितीतरी सोय होती, ती घेतली नाही.

आणि सुट्टी लागताना कोर्ट बंद होतं, दिवे जातात, पडदा काळा राहतो. थिएटरात माझ्या पुढच्या रांगेतली माणसं उठून उभीसुद्धा राहिली. आणि मग रिसॉर्टमधले न्यायाधीश येतात. तो शेवट नसता तर सिनेमा न्यायसंस्थेवरचा राहिला असता. त्या शेवटामुळे तो माणसांवरचा झाला. बाकावर डुलकी काढणाऱ्या साहेबांना पोरं ओरडून उठवतात, ते दचकून एका पोराच्या मुस्काटात मारतात. शिक्षा झाली, सुनावणी नाही.

पेशवेपार्क

+१ मंजिरीताई. वीरा साथीदार यांच्याबद्दलही लिहायला हवं. 'कोर्ट'मधला आरोपी शाहीर नारायण कांबळे हे पात्र त्यांनी केलं असं म्हणवत नाही, इतकं ते त्यांच्या आयुष्याजवळचं होतं. नागपूरचे कार्यकर्ते, 'विद्रोही'चे संपादक. २०२१च्या एप्रिलमध्ये कोविडने गेले. त्यानंतर परत 'कोर्ट' पाहिला तेव्हा त्यांच्या तोंडची संभाजी भगतांची गाणी ऐकवेनात.

पणजीवाली

मी थोडी वेगळी बाजू मांडते. रोज एक सिनेमा म्हणजे रोज एकाचा रस दुसऱ्यात मिसळणार. इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, २००४पासून आमच्या पणजीत आहे आणि मी दर वर्षी पास काढते. सुरुवातीला दिवसाला चार-चार सिनेमे पाहायचे. रात्री मांडवीच्या काठाने घरी जाताना इराणच्या सिनेमातली मुलगी पोलंडच्या सिनेमातल्या बापाशी बोलतेय असं डोक्यात व्हायचं. आता दोनच बघते आणि मधल्या वेळात काहीच नाही.

त्यामुळे सांजवेळ, तुझं कॅमेऱ्याचं म्हणणं त्या त्या सिनेमाचं आहे की शेजारी ठेवल्यामुळे तसं दिसतंय, ही शंका मला आहे. 'टोकियो स्टोरी'नंतर काहीही बघितलं तरी कॅमेरा फार हलतोय असंच वाटणार ना?

सांजवेळ

@पणजीवाली, शेजारी ठेवल्यामुळेच दिसलं, यात वादच नाही. पण शेजारी ठेवल्यावर दिसलं म्हणून ते आधी नव्हतं असं कसं म्हणायचं? 'बनवाबनवी' मी लहानपणापासून पाठ केल्यासारखा पाहिलाय. या वेळी पहिल्यांदा लक्षात आलं की त्यात एकेकट्याचे क्लोजअप किती कमी आहेत. अशोक सराफ बोलत असतात तेव्हा लक्ष्मीकांत बेर्डे मागे काहीतरी करत असतात, आणि सुधीर जोशी ऐकता ऐकता चेहऱ्यावर जे आणतात ते हशाचं खरं ठिकाण. चौघं-पाच जण एका चौकटीत हवेतच, कारण थाप एक जण मारतो आणि घाम दुसऱ्याला फुटतो. वसंत सबनीसांचे संवाद सगळ्यांना पाठ असतात, पण ते ऐकणाऱ्यांचे चेहरे दाखवले म्हणून ते टिकले असं मला ठामपणे वाटतं. सचिन यांच्या दिग्दर्शनाला या बाबतीत कुणी श्रेय देत नाही.

मिरचीभजी

बाईंनी बनवाबनवीतसुद्धा कॅमेरा शोधला! आता सर्पोतदारांच्या वाड्यात भाड्याने जागा बघायला कॅमेऱ्यालाच पाठवू.

पण हे मात्र खरं आहे हां. आत्ता मुद्दाम लावून पाहिला. आवाज बंद करून. तरीसुद्धा हसू येतं.

न्यूजर्सीकर

'टोकियो स्टोरी' मी आईबाबांबरोबर पाहिला, ते इकडे आले होते तेव्हा. आमच्याकडे पालक सहा महिन्यांसाठी येतात हे इथल्या सगळ्यांना माहीत आहे. सोमवार ते शुक्रवार आम्ही दोघं कामावर, मुलं शाळेत. गाडी येत नाही, त्यामुळे आईबाबा घरात. शनिवारी आम्ही त्यांना कुठेतरी 'दाखवायला' नेतो. नायगारा, वॉशिंग्टन, देऊळ. सिनेमातली मुलं टोकियोत बसची सहल घडवतात, अतामीला पाठवतात, तेव्हा बाबा हसले आणि म्हणाले, "आपला नायगारा."

ते खिजवून बोलले नव्हते. त्यांना खरंच गंमत वाटली होती. आई मात्र नोरिकोवर खूश. विधवा सून, नवरा युद्धात गेलेला, छोट्याशा खोलीत राहते, शेजारणीकडून साके आणि कप मागून आणून सासूसासऱ्यांचं करते. आई म्हणाली की या पोरीला वेळ आहे असं नाही, ती रजा काढते.

त्यानंतर मी शुक्रवारी अर्धा दिवस घरून काम करू लागलो. दुपारी बाबांबरोबर चहा आणि नुसत्या गप्पा. तेवढं जमलं.

बाबूकाका

न्यूजर्सीकर, वडिलांना माझा नमस्कार सांगा.

तुमच्या चर्चेत माझ्यासारख्या म्हाताऱ्याला राहवलं नाही. मुंबईत १९६८ साली प्रभात चित्र मंडळ सुरू झालं, तेव्हापासूनच्या चळवळीत वाढलेला मी माणूस. ओझू, कुरोसावा, डी सिका आम्ही तिथेच पाहिले. १६ एमएमची प्रिंट, रीळ बदलेपर्यंत अंधारात गप्पा, आणि खेळ संपल्यावर चहाच्या टपरीवर वाद. पुण्याच्या चित्रपट संग्रहालयातून, म्हणजे पी. के. नायरसाहेबांच्या फिल्म अर्काइव्हमधून प्रिंट येणार म्हटलं की सभासद वेळेआधी हजर. १९६४ साली संग्रहालय निघालं आणि नायरसाहेबांनी डबे गोळा करत आयुष्य काढलं. 'संत तुकाराम' आज तुम्ही घरबसल्या बघता, त्यामागे अशा माणसांची खटपट आहे.

'टोकियो स्टोरी'वरून सांगतो. त्याच्या दुसऱ्याच वर्षी, १९५४ साली, राजा परांजपे यांचा 'ऊन पाऊस' आला. निवृत्त शाळामास्तर आणि त्यांची बायको, मुलांच्या घरी वाटून घेतलेले. तिथे ओनोमिची, इथे आपलं मराठी गाव. परांजप्यांनी ओझू पाहिला असण्याचा काही संबंध नाही. दोन्ही देशांत त्याच वेळेला मुलं शहरांत जात होती, खोल्या लहान होत होत्या, हे त्याचं कारण. परांजप्यांचा सिनेमा रडवतो, मोकळेपणाने रडवतो. ओझू रडू देत नाही. मला दोन्ही लागतात.

आता 'संत तुकाराम'. सांजवेळबाई, तुम्ही यादीत नाव घेतलंत आणि पुढे त्यावर अवाक्षर लिहिलं नाहीत! दामले-फत्तेलालांचा कॅमेरा कुठे बसलाय ते सांगा की.

सांजवेळ

काका, मुद्दाम मागे ठेवला होता, कारण त्यावर सगळ्यात जास्त विचार केला.

तुकोबा झालेले विष्णुपंत पागनीस बहुतेक वेळा आपल्या समोर असतात. देवळात मूर्तीसमोर उभं राहावं तसे. नजर थेट, चाल संथ. समीक्षक गीता कपूर यांनी या सिनेमातल्या अशा समोरासमोरच्या मांडणीवर लिहिलं आहे ते वाचलं होतं, पण पडद्यावर त्याची ताकद वेगळीच. त्यांच्याशी आपलं नातं दर्शनाचं आहे. पण जिजाई झालेल्या गौरीबाई आल्या की हे सगळं बदलतं. त्या समोर उभ्या राहत नाहीत, त्या कामात असतात. म्हैस, पोरं, चूल. बोलताना हात चालूच. आजारी पोराला ओढत, हातात वहाण घेऊन विठोबाच्या देवळात शिरतात तेव्हा तो देव आणि तो नवरा दोघांनाही जाब विचारणारं या सिनेमात दुसरं कुणी नाही.

आणि ते रानातलं जेवण! ती टोपली घेऊन चढण चढून येते, वैतागलेली, त्याला वाढते, कुरकुर करते, आणि वाढता वाढता तिचा आवाज मऊ होत जातो. दोघं एकाच चौकटीत, झाडाखाली. तेवढ्यापुरता तो संत नाही, तिचा नवरा आहे. शेवटी विमान येतं, तो वैकुंठाला जातो, ती खाली राहते. कॅमेरा वर बघतो, पण माझं सगळं लक्ष जमिनीवर.

म्हणजे एकाच सिनेमात दोन जागा आहेत. तुकोबांसाठी देवळातली, जिजाईसाठी स्वयंपाकघरातली. नव्वद वर्षांपूर्वी प्रभातच्या लोकांनी हे केलं आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला, यात मला नवल वाटत नाही.

तळटीप

त्यातलं 'आधी बीज एकले' शांताराम आठवल्यांचं. कित्येकांनी ते तुकोबांच्या गाथेत शोधलं, कारण ते अभंगच वाटतं. अजूनही कीर्तनात तुकोबांच्या नावावर ऐकलंय.

शिरोड्याचो

सगळ्यांनी 'ऑल वी इमॅजिन'कडे पाठ फिरवली काय? मी वेंगुर्ल्याकडचो, म्हणून माका बोलूचा आसा.

मुंबईचा भाग अप्रतिम आहे. पावसातल्या लोकल, सुरुवातीला कानावर पडणारे परगावच्या माणसांचे आवाज, जर्मनीहून आलेला तो राइस कुकर केरळची नर्स प्रभा मांडीत घेऊन बसते ते. छाया कदम यांची पार्वती हॉस्पिटलात स्वयंपाकीण. बिल्डर घर रिकामं करायला सांगतो आणि तिच्याकडे कागद नाहीत. ती आणि प्रभा रात्री जाऊन त्याच्या होर्डिंगवर दगड मारतात. कानच्या महोत्सवात ग्रां प्री मिळालं, मुख्य स्पर्धेत तीस वर्षांनी भारतीय सिनेमा. हे सगळं अभिमानाचं.

पण पार्वती रत्नागिरीला गावी परत येते आणि सिनेमा एकदम स्वप्नासारखा होतो. समुद्र, गुहा, प्रकाश. माझी तक्रार नेमकी कॅमेऱ्याच्या जागेवरच आहे. मुंबईत तो माणसांबरोबर गर्दीत उभा होता, कोकणात आल्यावर पाहुणा झाला. आमच्याकडे आजची गोष्ट काय आहे? घरं बंद, आंब्याच्या बागा राखायला नेपाळी गडी, बोटींवर खलाशीसुद्धा नेपाळी. म्हणजे मुंबईत केरळची नर्स जशी परकी, तशी आमच्या बागेत नेपाळची माणसं परकी. एवढा मोठा धागा हाताशी होता आणि तो उचलला गेला नाही.

उलट 'थ्री ऑफ अस' (२०२२) बघा. अविनाश अरुण यांचा. तिथेही वेंगुर्ला, तिथेही बाहेरून आलेली बाई. शैलजाची स्मृती जात चाललीय, ती जाण्याआधी लहानपणचं गाव बघायला येते. पण तिथे बँकेत काम करणारा प्रदीप संध्याकाळी बसून भरतकाम करतो. जयदीप अहलावतच्या त्या मोठ्या पंजात सुई! गावाकडचा माणूस असा कामात गुंतलेला दाखवला की कोकण हे देखाव्याचं कापड राहत नाही. अविनाश अरुण यांच्याच 'किल्ला'तही बदली होऊन आलेली आई आणि मुलगा, पावसाळी गाव, पण पोरं खेकडे पकडतायत.

पणजीवाली

@शिरोड्याचो, अर्धं पटलं. पण त्या सिनेमात कोकण पार्वतीचं नाही, प्रभाचं आणि तिच्याबरोबर राहणाऱ्या अनूचं आहे. त्या दोघींसाठी ते अनोळखीच आहे. अनूला मुंबईत प्रियकराबरोबर बसायला जागा मिळत नाही, ती इथे मिळते. त्यांना ते गाव स्वप्नासारखंच दिसणार. तू म्हणतोस तो सिनेमा पार्वतीच्या नजरेतला, तो वेगळा काढावा लागेल.

शिरोड्याचो

काढूकच व्हयो. छाया कदमांका घेवनच.

पेशवेपार्क

मंडळी, मूळ प्रश्न बाजूला पडतोय. कॅमेरा जाणवावा की नाही? माझं मत: दुसऱ्यांदा बघताना जाणवावा. पहिल्यांदा बघताना फक्त माणसं.

'ट्वेल्व्ह अँग्री मेन' मी आधी हिंदीत, 'एक रुका हुआ फैसला' (१९८६) म्हणून पाहिला. बासू चॅटर्जींचा. अन्नू कपूर तिशीतच होते आणि त्यांनी त्यातला सगळ्यात म्हातारा केलाय. पंकज कपूरचं शेवटचं कोसळणं विसरता येत नाही. मग मूळ पाहिला, आणि गोष्ट आधीच माहीत असल्यामुळे पंख्याकडे लक्ष गेलं. तो पंखा आधी चालतच नाही, कारण तो दिव्याच्याच बटणावर आहे. बाहेर अंधारून येतं, कुणीतरी दिवा लावतं आणि पंखा सुरू होतो. इतका वेळ सगळे घामाघूम झालेत आणि बटण कुणी दाबलंच नव्हतं. अख्खा खटलाही तसाच चालला होता, कुणी तपासायची तसदीच घेतली नव्हती.

ॲड_मंजिरी

पंख्याचं हे मी माझ्या ज्युनिअर्सना सांगणार आहे. उलटतपासणीवर याहून चांगला धडा नाही.

वऱ्हाडी_मानूस

मी सकायपासून धागा वाचून राह्यलो. आता बोलतो.

माहं म्हननं मी सोडत नाही. कॅमेरा दिसू नये. पन एक पिच्चर हाय तिथं तो दिसलाच पाह्यजे, अन् त्याचं नाव कोनीच घेतलं नाही. 'फँड्री'.

जब्या पूर्ण पिच्चरभर काळी चिमनी धुंडते, शालूकडं पाह्यते, जीन्सचं सपन पाह्यते. आपन त्याच्या संग फिरतो. कॅमेरा कुठी हाय हे मनातबी येत नाही. मंग शेवटाले डुकरं पकडाले जब्याचं अख्खं घर पयतं अन् गावचे लोकं कठड्यावर बसून तमाशा पाह्यतात, हासतात, फोटो काढतात. तिथं आपल्याले हयूहयू समजते का आपनबी त्याहीच्याच लाइनीत बसेल हावो. डुक्कर उचलून नेतानी मांगं शाळेच्या भितीवर बाबासाहेब, फुले, सावित्रीबाई, गाडगेबाबा. अन् मंग जब्या दगड फेकते तो सरळ कॅमेऱ्यावर येते.

तो दगड लागला काऊन? कारन तोपर्यंत मंजुळेनं आपल्याले कॅमेरा दिसूच देला नोता. पह्यल्यापासून दिसला असता त आपन वाकलो असतो, दगड वरून गेला असता.

म्हनून ताई, तुमच्या प्रश्नाले माहं उत्तर: लपवा, अन् मारायच्या वक्ती दाखवा.

तळटीप

याच्यावर मला जोडायला काही नाही.

बाबूकाका

वऱ्हाडी राव, चळवळीच्या दिवसांत तुम्ही आमच्या टपरीवर हवे होतात.

सांजवेळ

@वऱ्हाडी_मानूस, दादा, मला हे मान्य आहे, फक्त एक पुस्ती जोडते. जो दिग्दर्शक दगड मारणार नाही, ज्याला तुम्हाला नुसतं बांधावर त्या आजीशेजारी बसवायचंय, त्याला लपवायची गरज नाही. ओझू पहिल्या मिनिटापासून सांगतात की मी इथे बसलोय, तुम्हीही बसा. तुमचं उत्तर 'फँड्री'ला शंभर टक्के लागू, 'टोकियो स्टोरी'ला नाही.

पुढच्या आठवड्यात काका म्हणतात तो 'ऊन पाऊस', 'थ्री ऑफ अस' आणि 'फँड्री' परत. हा क्रम बरा वाटतो का?

पणजीवाली

'फँड्री'नंतर एक दिवस रिकामा ठेव. एवढं माझं ऐक.

मिरचीभजी

एक खरोखरचा प्रश्न. मुलगी तेरा वर्षांची आहे. वर्गात नुकतंच कुणीतरी एका मुलाला आडनावावरून काहीतरी बोललं, ती घरी येऊन सांगत होती. तिला 'फँड्री' दाखवू का? की अजून लहान आहे?

घाटमाथा

दाखवा. जब्याही तेवढाच आहे.

वऱ्हाडी_मानूस

दाखवा ताई. पन तिच्या संग बसा, मोबाइल बाजूले ठेवा. पिच्चर झाल्यावर लगेच जेवाले उठू नका, ते काहीतरी इचारीन.

मिरचीभजी

रविवारी दुपारी लावते. काय विचारते ते इथे येऊन सांगेन.